तेरा वर्षांनी हातात आलेला ८०८

२०१२ च्या पावसाळ्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानात नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू मी पाचेक मिनिटं हातात धरला होता. दुकानातल्या मुलाने काचेच्या दारातून पलीकडच्या इमारतीचा एक फोटो काढला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या पाटीपर्यंत तो मोठा करत नेला. पाटीवरच्या वेळा वाचता आल्या. सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ८. नुसत्या डोळ्यांनी मला तिथे पाटी आहे एवढंच कळत होतं. फोनची किंमत होती ३३,८९९ रुपये. मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. घरी जाऊन बाबांना हे सांगितलं ते फक्त गंमत म्हणून, मागायचं मनातही आलं नाही.

ती पाटी मात्र डोक्यातून गेली नाही. यंदा जुलैमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांनी हाच फोन विकायला काढलेला दिसला आणि साडेपाच हजारांत सौदा ठरला. ते कामासाठी पुण्याला येणार होते, म्हणून स्वारगेट एसटी स्टँडसमोरच्या अमृततुल्यमध्ये भेटलो. जुना फोन घेताना काय बघायचं याची यादी मी वहीत लिहून नेली होती. कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे आहेत का. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबल्यावर फोकस होतो का, आणि पूर्ण दाबल्यावर फोटो निघतो का. फ्लॅश पडतो का. तारा, हॅश, चार शून्यं आणि पुन्हा हॅश दाबल्यावर मॉडेल आणि सॉफ्टवेअरची माहिती नीट येते का. हे सगळं जमलं. एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे पाठीमागचं झाकण उघडून बघणं. घरी आल्यावर झाकण काढलं तर बॅटरी फुगलेली. टेबलावर ठेवून टिचकी मारली तर भोवऱ्यासारखी फिरली. चांगली बॅटरी सपाट असते, ती अशी फिरत नाही. तुम्ही जुना फोन घेणार असाल तर ही टिचकी विकणाऱ्यासमोरच मारा.

म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तपकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार. फोनच्या मूळ बॅटरीचा नंबर बीव्ही-४डी, क्षमता १४०० एमएएच. पहिल्या दोन दुकानांत नंबर ऐकूनच नकार आला. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी खोका उपसून एक काढली, ती लावली तर सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारच्या जेवणापर्यंत झोपला. परत गेले. काकांनी कुरकुर न करता बदलून दिली, शिवाय फोनच्या आतल्या पितळी टोकांवर खोडरबर फिरवला. "ताई, इतकी वर्षं पडून राहिला की इथे काट चढते, बॅटरी चांगली असली तरी फोन बंद पडतो." ही दुसरी बॅटरी दिवसभर टिकते. तशीच आणखी एक घेऊन ठेवली. नखाने झाकण काढायचं, रिकामी बॅटरी बाहेर, भरलेली आत, आणि अर्ध्या मिनिटात फोन पुन्हा शंभर टक्क्यांवर. ही सोय आताच्या फोनमधून का काढून टाकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिमसाठी मायक्रो आकाराची जागा आहे, म्हणजे आपलं नॅनो सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून घालावं लागतं. चौकट रिकामी सरकवू नका, आतल्या पिना तिच्यात अडकून वाकतात. फक्त ४जीवर चालणाऱ्या कंपनीचं सिम इथे उपयोगाचं नाही. माझं दुसरं सिम २जी पकडतं, त्यावर फोन आणि एसएमएस व्यवस्थित चालतात. आधीच्या मालकांचे नंबर आणि निरोप पुसण्यासाठी मी फोन पूर्ण कोरा केला. त्यासाठी तारा, हॅश, ७३७०, हॅश असं दाबायचं आणि कुलपाचा आकडा म्हणून १२३४५ द्यायचा. मालकाने बदलला नसेल तर तोच असतो.

इंटरनेटचा विषय मी पहिल्याच संध्याकाळी संपवला. या फोनवरचं व्हॉट्सॲप ३० जून २०१७ ला बंद झालं. ॲपचं दुकान त्याच्याही आधी गेलं. ब्राउझर उघडतो, पण आजच्या बहुतेक साइट त्याच्याशी बोलायलाच तयार नाहीत, कारण सुरक्षेचे नवे नियम त्याला माहीत नाहीत. सिम्बियन या नोकियाच्या जुन्या फोन-प्रणालीवरचा हा शेवटचा फोन. नोकियाने फेब्रुवारी २०११ मध्येच सिम्बियन सोडून विंडोज फोनकडे जाणार असं जाहीर केलं होतं आणि त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २०१२ मध्ये, बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात हा कॅमेरा जगापुढे आणला. पाडायचा ठरलेल्या वाड्यात सुताराने आपलं सगळ्यात सुंदर कोरीवकाम करावं तसं हे झालं. त्या कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता कॅमेरा, ज्यासाठी हे सगळं केलं.

फोन जड आहे, १६९ ग्रॅम. एरवी जाडी चौदा मिलिमीटरच्या आत, पण कॅमेऱ्याच्या जागी पाठीला उंचवटा आहे आणि तिथे ती अठरापर्यंत जाते. फोटोंमध्ये हा उंचवटा मला बेढब वाटायचा. हातात घेतल्यावर कळलं की आडवा धरला की डाव्या हाताची बोटं आपोआप त्याच्या कडेला टेकतात आणि पकड पक्की होते. उजवी तर्जनी थेट कॅमेऱ्याच्या बटणावर. बटण अर्धं दाबलं की चौकट हिरवी होते, श्वास रोखायचा, पूर्ण दाबायचं. काचेवर बोट टेकवताना फोन जो हलतो तो इथे हलत नाही. पहिल्या दिवशी मी काही न साठवता नुसतं अर्धं बटण दाबत घरभर फिरले, इतकं ते बटण छान आहे.

जाहिरातीत ४१ मेगापिक्सेल हा आकडा मोठ्या अक्षरात असायचा, आणि तेव्हा बऱ्याच जणांनी तो नुसता दिखावा समजला. मीही दुकानातली पाटी पाहून 'मोठा फोटो' एवढाच अर्थ लावला होता. खरा हिशेब वेगळा आहे. सेन्सर, म्हणजे भिंगातून आलेला उजेड टिपणारा भाग, आहे १/१.२ इंचाचा, त्या काळच्या फोनमध्ये न ऐकलेला आकार. नोकियाचाच २०१० चा एन८ त्या वेळी कॅमेऱ्यासाठी नावाजलेला, त्याच्या सेन्सरपेक्षा हा अडीच पट मोठा. पूर्ण क्षमतेने, त्या ४१ पैकी, चारास तीन आकारात ३८ मेगापिक्सेलचा फोटो निघतो. पण फोन मुळात ५ मेगापिक्सेलवर लावलेला येतो, आणि तो तसाच ठेवावा. त्यात सेन्सरवरचे साधारण सात ठिपके मिळून फोटोतला एक ठिपका तयार होतो. सातांपैकी एखाद्याने चूक केली तरी बाकीचे ती झाकतात, म्हणून अंधुक उजेडातला रवाळपणा आपोआप कमी होतो. वरून घासूनपुसून गुळगुळीत करावं लागत नाही.

झूमचाही तोच हिशेब. भिंगं पुढेमागे सरकवणारा झूम बारीक फोनमध्ये बसवायला गेलं की तो हळू, नाजूक आणि कमी उजेड घेणारा होतो. नोकियाचे युहा अलाकारहू, डेमियन डिनिंग आणि त्यांचे सहकारी काही वर्षं या प्रश्नावर बसले होते. शेवटी त्यांनी भिंग स्थिर ठेवलं आणि सेन्सर मोठा केला. झूम केलं की सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचा. सातांचा एक ठिपका होत होता, तो चारांचा, मग दोनांचा, मग एकास एक. तिथे पोचलं की झूम थांबतो, पुढे ओढून ताणून वाढवत नाही. ५ मेगापिक्सेलवर हा टप्पा पावणेतीन पटींच्या आसपास येतो. पहिले दोन दिवस मला वाटत राहिलं की आणखी जवळ जायला हवं. मग मी पायाने जवळ जाऊ लागले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मावशीकडे वाईला गेले, ती मेणवलीच्या घाटासाठीच. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि घाटावरची ती घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडून आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात आहे. लहानपणापासून मी ती पाहिली आहे, पण नेहमी 'घंटेवर काहीतरी बाई आहे' इतपतच. त्या दिवशी आभाळ भरलेलं, पाऊस थांबलेला, उजेड सगळीकडून सारखा. मी कॅमेरा क्रिएटिव्ह मोडवर नेला, पूर्ण क्षमता निवडली, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ५० वर बांधून टाकलं आणि कोपर कठड्याला टेकवून तीन फोटो काढले. प्रत्येक फोटोनंतर फोन काही सेकंद विचारात पडतो, कारण एकेक फोटो दहा एमबीच्या वर जातो. त्या सेकंदांत मी घंटेकडे बघत उभी राहिले.

घरी येऊन कार्ड संगणकात घातलं. फोनच्या स्वतःच्या पडद्यावर काही अंदाज येत नाही, कारण तो चार इंची पडदा फक्त ६४० गुणिले ३६० ठिपक्यांचा आहे. उन्हात उत्तम दिसतो, पण फोटोची परीक्षा त्यावर होत नाही. संगणकावर शंभर टक्क्यांवर नेलं आणि ती दाताच्या डॉक्टरांची पाटी आठवली. धातूवरची हिरवी काट, ओतताना राहिलेले बारीक खळगे, मेरीच्या वस्त्राच्या चुण्या, बाळाचं डोकं शेकडो वर्षांत झिजून गुळगुळीत झालेलं. घंटेच्या काठावर कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात पावसाचे थेंब अडकले होते. घाटावर मला ते जाळं दिसलंच नव्हतं. माझ्या नव्या फोननेही मी तोच फोटो काढला होता. त्यात घंटा अधिक झळाळते, मागची झाडं अधिक हिरवी, आकाशात ढगांचे आकार व्यवस्थित. पण चुण्यांच्या जागी रंगवल्यासारखा लपेटा आहे. यंत्राने ओळखलं की इथे कोरीवकाम असावं आणि तसं काहीतरी काढून दिलं. ८०८ ने जे समोर होतं तेवढंच दिलं, सावलीत काळं आणि आकाश पांढरं. आकाश पांढरं पडणं हा त्याचा मोठा दोष आहे, तो मी लपवणार नाही. उजेड आणि अंधाराचे दोन-तीन फोटो एकत्र करून समतोल साधायची आताची युक्ती त्याच्याकडे नाही. उघड्या आकाशाखाली मी आता उजेडाची पट्टी वजाकडे थोडी सरकवून घेते, मग निदान ढग शिल्लक राहतात.

दुपारी मावशी खिडकीशी पाटावर बसून वाल सोलत होती. सांगितलं, बघू नकोस, काम चालू दे. ५ मेगापिक्सेल, थोडा झूम, खिडकीचा उजेड एका बाजूने. फोटोत तिच्या बोटांच्या पेरांवरच्या रेषा, हातातल्या काचेच्या बांगडीची एक कड, ताटलीतल्या वालांच्या सालीवरचा ओलावा, सगळं आहे आणि काहीच चमकत नाही. मला तो इतका आवडला की तिला लगेच दाखवला, आणि शेजारी नव्या फोनवरचाही दाखवला. मावशीने चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि नव्या फोनकडे बोट केलं. "हा चांगला आलाय गं. त्या दुसऱ्यात मी थकलेली दिसते." तिचं म्हणणं मला पटत नाही, पण तिचा चेहरा आहे, निवड तिची. तिच्यासाठी नव्या फोनमधल्या फोटोची प्रत काढली. माझ्या टेबलावर दुसरा आहे.

फोटो बाहेर काढायचा माझा रस्ता आता ठरला आहे. यूएसबी वायर लावली की संगणकाला फोन पेन ड्राइव्हसारखा दिसतो, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. घाई असेल तर ब्लूटूथने नव्या फोनवर. ५ मेगापिक्सेलचा फोटो एक-दोन एमबीचा, लगेच जातो. ३८ चा मात्र ब्लूटूथने पाठवू नये.

जी गोष्ट मी गृहीतच धरली नव्हती ती म्हणजे आवाज. आमच्या भागातल्या ढोल-ताशा पथकाचा सराव जुलैपासून नदीकाठी चालू असतो. मामेभाऊ तिथे ताशा वाजवतो. गेली तीन वर्षं तो मला म्हणतोय, ताई, सरावाचा व्हिडिओ काढ. मी काढायचे, आणि दर वेळी चाळीस ढोल एकदम पडले की आवाज फुटायचा. नुसती घरघर. नाहीतर फोन घाबरून आवाज इतका खाली ओढायचा की ताशा पत्र्याच्या डब्यासारखा लागायचा. ८०८ चे माइक १४० डेसिबलपर्यंतचा आवाज न फाटता घेतील अशा बेताने बनवलेले आहेत. हे मी वाचलं होतं, पण खरं मानलं नव्हतं.

संध्याकाळी साडेसातला गेले. मुली ढोलांच्या दोऱ्या ताणत होत्या. ताशांनी उठाव घेतला, मग टोल, मग सगळे ढोल एकदम. छातीत धक्का बसतो तो. मी पहिल्या रांगेपासून दहा पावलांवर उभी राहून पहिल्या हातापासून तिसऱ्या हातापर्यंत, म्हणजे पहिल्या ठेक्यापासून तिसऱ्यापर्यंत, सलग अकरा मिनिटं चित्रण केलं. नंतर घरी हेडफोन लावून ऐकलं. टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, ढोलाच्या पानावर पडतं तो कोरडा कडक आवाज वेगळा, दुसऱ्या बाजूच्या थापीचा घुमारा वेगळा, आणि त्यावर ताशाची तर्री, एकेक दाणा मोजावा अशी. झांजांचा शेवट हवेत विरत जातो तोही ऐकू येतो. डावीकडचे ढोल डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे. मी तो भाग चार वेळा ऐकला. मामेभावाने एकदाच ऐकला आणि म्हणाला, "तिसऱ्या हातात माझा एक ठोका पुढे पडतोय." तीन वर्षांच्या व्हिडिओंमध्ये त्याला हे कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पथकप्रमुखांनी रेकॉर्डिंग मागून घेतलं, आणि आता दर शनिवारी मला बोलावणं असतं.

फोनला एचडीएमआयचं छोटं भोक आहे. त्याची वायर त्याच तपकीर गल्लीतून आणली आणि रविवारी हा व्हिडिओ टीव्हीवर लावला. बाबांनी आवाज वाढवला. शेजारच्या काकू बघायला आल्या की मिरवणूक आज कशी.

त्याच सरावात फ्लॅशचीही ओळख झाली. आताच्या फोनमध्ये एलईडीचा दिवा असतो, तो दिवा लागल्यासारखा लागतो. इथे झेनॉन फ्लॅश आहे, पूर्वीच्या कॅमेऱ्यांवर असायचा तसा. क्षणभर लखकन होतो आणि त्या क्षणात समोरचं सगळं गोठतं. अंधारात झांजवाल्या मुली उडी घेत असताना मी बटण दाबलं. झांजा हातभर अंतरावर, वेण्या हवेत, पायाखालचा चिखल उडालेला, एकेक शिंतोडा धारदार. मागचं सगळं काळं. पुढच्या फ्लॅशला थोडं थांबावं लागतं, विजेचा साठा भरावा लागतो, म्हणून एकापाठोपाठ एक फोटो निघत नाहीत. क्षण ओळखून एकच घ्यायचा.

उणिवा अजून आहेत. हात हलला तर सांभाळून घेणारी भिंगाची व्यवस्था यात नाही, ती नोकियाने नंतरच्या काही ल्युमिया फोनमध्ये दिली. त्यामुळे फ्लॅशशिवाय रात्रीचे फोटो टेकू नसेल तर हलतात. पिवळ्या बल्बखाली चेहरे फार पिवळे येतात, व्हाइट बॅलन्स हाताने बदलावा लागतो. पंधरा सेंटिमीटरपेक्षा जवळचं काही फोकस होत नाही. त्यावर उपाय म्हणजे मागे सरकून झूम करायचं. फुलांवरच्या मुंग्या मी अशाच टिपल्या.

महिन्याभरात या फोनवर माझे एकशे बारा फोटो झालेत. नव्या फोनवर तेवढे एका रविवारी होतात.

उद्या विसर्जन. पथक दुपारी लक्ष्मी रस्त्यावर लागणार आहे. दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवल्यात, ३२ जीबीचं कार्ड रिकामं केलंय, फोनसाठी झिपची प्लास्टिकची पिशवी घेतली आहे कारण पाऊस नक्की आहे. मामेभाऊ म्हणतो, तिसऱ्या हाताला समोरच उभी राहा.